विश्लेषण : तुळजापूरच्या रस्त्यावरचा कागद चित्रात कसा येतो? ‘कोलाज’साठी गाव कसे फिरावे?

तुळजापूरहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत कुंकवाची पुडी, पेढ्यांचा खोका, कवड्यांची माळ आणि देवीचा फोटो असतो. घरी आल्यावर वस्तू देवघरात जातात आणि त्यांचे कागद, खोके, पिशव्या कचऱ्यात. कोलाज करणाऱ्याचे काम नेमके या दुसऱ्या ढिगापासून सुरू होते. महागडे रंग नाहीत, चित्रकलेचे शिक्षण नाही, तरी चित्र करावेसे वाटते, अशांसाठी हा प्रकार सोयीचा आहे. पण तीर्थक्षेत्रात कागद वेचताना एक अडचण येते. इथे कचरा कोणता आणि कोणाची श्रद्धा कोणती, हे पायाखालच्या कागदावर लिहिलेले नसते.

कोलाज म्हणजे नेमके काय?

चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. १९१२ मध्ये पाब्लो पिकासोने वेताच्या खुर्चीची जाळी छापलेला मेणकापडाचा तुकडा कॅनव्हासवर चिकटवला आणि कडेने खरा दोर लावला. त्याच वर्षी त्याचा मित्र जॉर्ज ब्राक याला फ्रान्समधील आव्हिन्यों गावात एका दुकानात लाकडाच्या रेषांची नक्कल छापलेला भिंतीचा कागद दिसला. त्याने तो विकत घेतला, कापला आणि चित्रात लावला. म्हणजे आधुनिक कोलाजची सुरुवातच बाजारातून फिरताना झाली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे जर्मनीत कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटे, वेष्टणे, फाटकी वर्तमानपत्रे असा रस्त्यावरचा माल वेचून चित्रे केली. पहिल्या महायुद्धानंतर सगळे मोडलेलेच होते, मग मोडलेल्यातूनच नवे करावे, असा त्याचा विचार. आपल्या कामाला त्याने दिलेले ‘मेर्झ’ हे नावही एका बँकेच्या जाहिरातीतील ‘कॉमेर्झ’ या शब्दाचा कापलेला तुकडा आहे.

आपल्याकडे मात्र हे घरोघरी आधीपासून चालत होते, फक्त त्याला कला कोणी म्हणत नव्हते. मराठवाड्यातील वाकळ घ्या. जुनी लुगडी, धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, कोणाच्या तरी बाळाचे झबले यांचे तुकडे एकावर एक ठेवून धावदोरा घातला की पांघरूण तयार. कोणता तुकडा कोणाचा, हे घरातल्या बाईला पाठ असते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेली देवादिकांची चित्रे घराघरांत पोहोचली आणि लोकांनी त्यांना खऱ्या कापडाची वस्त्रे, जर, टिकल्या, मणी लावले. छापील लक्ष्मीला खरी जरीची किनार! ब्राकने भिंतीचा कागद कापला त्या सुमारास आपल्याकडच्या माजघरांत हे उद्योग चालू होते.

तुळजापूरच का?

बालाघाटच्या डोंगररांगेतील हे गाव मोठे नाही. पण महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातील लाखो घरांचे कुलदैवत इथे असल्याने गावाच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त वस्तू इथून जातात. साध्या तालुक्याच्या गावात एका गल्लीत इतक्या पोताचे, इतक्या रंगांचे सामान सापडत नाही. ओटीचे खण, हिरव्या बांगड्या, बांबूच्या परड्या, पोत, हळदीकुंकवाचे ढीग, कापराच्या डब्या, उदबत्तीची पाकिटे, फोटो फ्रेमच्या दुकानामागे पडलेल्या काचेच्या, पुठ्ठ्याच्या, छापील चित्रांच्या कडा.

यातील कवडीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. समुद्रापासून इतक्या दूर, पठारावरच्या गावात देवीच्या भक्ताची खूण समुद्रातील शिंपल्याची. कवडी एकेकाळी भारतात चलन म्हणून चालत होती आणि ती मोठ्या प्रमाणावर मालदीवच्या बेटांवरून येत असे. ‘फुटक्या कवडीची किंमत नाही’ हे आपण आजही म्हणतो ते त्यामुळेच. चलन गेले, आराध्यांच्या गळ्यातील माळ राहिली.

आणखी एक गोष्ट कोलाजच्या विद्यार्थ्याने बघावी. शारदीय नवरात्रात देवीच्या अलंकार पूजा मांडल्या जातात : रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशाही, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी. मूर्ती तीच, पण भोवतीची मांडणी बदलली की गोष्ट बदलते. या पूजांची छायाचित्रे दुकानांत शेजारी शेजारी लावलेली दिसतात. रचना म्हणजे काय, हे समजावणारा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

फिरायचे कसे?

बसस्थानकापासून महाद्वाराकडे जाणारा रस्ता दुकानांनी भरलेला असतो आणि बहुतेक जण तो मान खाली घालून, दर्शनाच्या घाईत पार करतात. कोलाजसाठी निघालेल्याने उलटे करावे. दर्शन आधी उरकून घ्यावे आणि मग तोच रस्ता सावकाश परत चालावा. या गावाचा उतार लक्षात ठेवण्यासारखा आहे. मंदिर खाली आहे, बाजार वर. महाद्वारातून पायऱ्या उतरताना कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ लागते, दगडी भिंती थंड होत जातात आणि दुकानांचे भडक रंग मागे राहतात. दहा मिनिटांत बदलणारा हा रंगांचा क्रम वहीत चार पट्ट्या चिकटवून टिपता येतो. वर गुलाबी-पिवळा, मध्ये कुंकू, खाली काळा दगड. बहुतेकांचे पहिले चांगले कोलाज अशाच एखाद्या साध्या पट्टीतून होते, देवीचा चेहरा मधोमध चिकटवून नव्हे.

भिंतीही पाहाव्यात. क्लासच्या जाहिराती, सिनेमा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, एकावर एक चिकटवलेले आणि अर्धवट फाटलेले. पॅरिसमध्ये जाक विलग्ले आणि रेमों हॅन्स यांनी १९४९ पासून असे फाटके पोस्टरच भिंतीवरून उतरवून चित्र म्हणून मांडले. फाडण्याचे काम वाऱ्याने, पावसाने आणि अनोळखी हातांनी केलेले, निवड तेवढी चित्रकाराची. आपल्याकडे आता कागदी पोस्टरांची जागा फ्लेक्सने घेतली आहे. फ्लेक्स फाटत नाही, विरत नाही आणि पांढऱ्या गोंदाने धड चिकटतही नाही. कोलाजच्या दृष्टीने हा मेलेला माल आहे. (उलट दिशेचा उद्योग मात्र करू नये. परवानगीशिवाय भिंतींवर काही चिकटवणे १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात बसते.)

कोलटकर इथे का आठवतात?

तीर्थक्षेत्री फिरून कलाकृती घडवण्याचे मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण तुळजापूरचे नाही, जेजुरीचे आहे. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रातील चित्रकार. साठच्या दशकात ते जेजुरीला गेले आणि १९७६ मध्ये त्यांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह आला. पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले. संग्रह एसटीच्या प्रवासाने सुरू होतो आणि रेल्वे स्थानकावर संपतो. मधल्या पानांत देवाइतकीच जागा मोडक्या दाराला, कोरड्या नळाला, वाटेतल्या कुत्र्याला मिळते. त्यांची श्रद्धा होती की नव्हती यावर वाद झाले, पण आपल्याला त्यांच्याकडून घ्यायची आहे ती नजर. पुढे मुंबईच्या काळा घोडा भागात ते वर्षानुवर्षे त्याच उपाहारगृहात बसून खिडकीतून तोच चौक पाहत राहिले आणि त्यातून २००४ मध्ये आणखी एक पुस्तक झाले. नवे गाव शोधण्यापेक्षा तेच ठिकाण पुन्हा पाहणे, हा उपाय फुकट आहे.

देवाचे चित्र कापावे का?

हा प्रश्न टाळता येणार नाही. भूपेन खख्खर यांनी साठच्या दशकात बाजारातील देवादिकांची छापील चित्रे कापून कोलाज केले आणि भारतीय कलेत एक नवी वाट पडली. पण ते कलादालनात. तुळजापूरच्या रस्त्यावर, जिथे समोरचा माणूस अनवाणी चालत आला आहे, तिथे कात्री काढताना विचार हवा.

माझे मत स्पष्ट आहे. झाडाखाली ठेवलेले जुने फोटो, विसर्जनासाठी बाजूला काढलेले कागद, परडीतील वस्तू यांना हात लावू नये. ते टाकलेले नसतात, निरोप दिलेले असतात. आपली भाषाही हा फरक जपते. बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणतात, दिवा विझत नाही, ‘शांत’ होतो. त्याऐवजी दुकानदाराला विचारावे. फ्रेमवाल्याकडील कडा, शिंप्याकडील खणांच्या चिंध्या, बांगडीवाल्याकडील रिकामे खोके मागितले तर बहुधा मिळतात. शिवाय मागताना दोन शब्द बोलणे होते. खण कुठून येतो, कोणता रंग कोण घेते, हे कळते आणि चित्रात तेच उपयोगी पडते. दुसऱ्याने काढलेले छायाचित्र किंवा कॅलेंडरचे चित्र वापरून केलेले काम वहीत ठेवायला हरकत नाही. विकायचे असेल तर मूळ चित्राच्या हक्काचा प्रश्न येतो.

रद्दीच्या दुकानात एक इशारा गंभीरपणे घ्यावा. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उर्दू शिक्के असलेला किंवा मोडीत लिहिलेला जुना कागद दिसला की चित्रकाराला मोह होतो. अक्षरे सुंदर असतात, कागदही जाड. पण मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदपत्रे शोधायला राज्य सरकारने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, हे आठवावे. एखाद्या घराच्या प्रमाणपत्राचा आधार असा एखादाच कागद असू शकतो. असा कागद कापू नये. छायाप्रत काढून ती कापावी आणि मूळ कागद ज्याचा त्याला किंवा जाणकाराला द्यावा.

वेचलेले टिकते का?

थोडे टिकते, बरेच टिकत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने उन्हात पिवळा पडतो. बाजारातील स्वस्त कुंकवाचा रंग ओल लागताच पसरतो. मी पहिल्यांदा कुंकवाची रिकामी पुडी तशीच वहीत ठेवली आणि पुढची दहा पाने लाल झाली. पुडी झटकून, दोन दिवस वाळवून मगच आत घ्यावी. तेलाचा डाग पडलेला कागद मात्र फेकू नये. तो अर्धपारदर्शक होतो आणि खालच्या रंगावर ठेवला की सुंदर दिसतो.

हळदीचा एक गुण वापरण्याजोगा आहे. हळदीचे पाणी लावून वाळवलेल्या कागदावर चुन्याची निवळी लावली की पिवळा रंग तांबूस होतो. पारंपरिक पद्धतीचे कुंकू हळदीच्या याच गुणावर होते. हा रंग उन्हात उडतो, म्हणून असे चित्र खिडकीसमोर टांगू नये. चिकटवायला फेविकॉल पातळ थरात लावावा, नाहीतर कागदाला सुरकुत्या पडतात. पुस्तकबांधणी करणारे मैद्याची खळ वापरतात आणि कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नये.

डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून, चिकटवून कोलाज केले.

आत्ताच का वेचावे?

कारण गाव बदलते आहे. मे २०२५ मध्ये चौंडी येथील मंत्रिमंडळ बैठकीत श्री तुळजाभवानी मंदिर परिसराच्या १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. जिल्ह्याचे नावच बदलल्याने ‘उस्मानाबाद’ छापलेल्या पिशव्या, पावत्या, पाट्याही हळूहळू संपतील. भाविकांची सोय झालीच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रस्ता रुंद झाला की कोणत्या दुकानाची पाटी कुठे होती, हे सांगणारा कागद फारसा कोणी ठेवत नाही.

एसटीच्या तिकिटाचेच पाहा. कंडक्टरच्या पेटीतील रंगीत, पंचाने भोक पाडलेली तिकिटे ज्यांनी लहानपणी जमवली, त्यांच्याकडे ती आजही वाचता येतात. आजचे यंत्रातील तिकीट उष्णतेने छापलेले असते, काही महिन्यांत कोरे होते आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले तर बऱ्याचदा आणखी लवकर. त्यामुळे तुळजापूरचे तिकीट कोलाजमध्ये हवे असेल, तर घरी पोहोचल्याच दिवशी त्याची छायाप्रत काढावी.

जायचे कधी, तर गर्दीच्या दुसऱ्या दिवशी. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला हात हलवायला जागा नसते, दुसऱ्या सकाळी दुकानदार खोके मोकळे करत असतात. सोबत एक जुनी वही, बोथट टोकाची कात्री, दोन-चार कागदी पाकिटे आणि पेन्सिल पुरे. प्रत्येक तुकड्यामागे जागा आणि तारीख लगेच पेन्सिलीने लिहावी. शाई दुसऱ्या बाजूला उमटते.