वर्गांत बोलतें कोण ?

शाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पाटी, पुस्तक आणि फळा हीं उभीं राहतात. परंतु एखाद्या शाळेच्या व्हरांड्यांतून चार पावलें चालून गेलें, तर तेथें सर्वांत अधिक चालणारा व्यवहार वाचनाचा नव्हे, लेखनाचाहि नव्हे, तर बोलण्याचा असतो, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. शिक्षक समजावून देतात तें बोलून. आणि विद्यार्थ्यास कितपत समजलें हें कळतें तें बहुधा त्याच्या बोलण्यावरूनच. असें असूनहि वर्गांत कोण बोलतें, किती बोलतें आणि कोणाच्या बोलण्यास किंमत मिळते, याचा पद्धतशीर शोध प्रामुख्यानें विसाव्या शतकांतच घेतला गेला. त्या शोधांतून काय हातीं आलें आणि आपल्या कोल्हापुरास त्याचा काय उपयोग, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

१९१२ सालीं न्यूयॉर्क येथें रोमिएट स्टीव्हन्स या विदुषींनीं शिक्षकांचे प्रश्न मोजून पाहिले. दिवसाकाठीं ही संख्या सरासरीनें ४०० च्या घरांत जाते, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न केवळ पाठांतराची परीक्षा पाहणारे असतात, असें त्यांना दिसून आलें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत नेड फ्लँडर्स यांनीं या मोजणीस शास्त्रीय शिस्त लावली. त्यांनीं वर्गांतील सर्व बोलणें दहा सदरांत विभागलें. त्यांपैकीं सात सदरें शिक्षकाच्या बोलण्याचीं, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचीं आणि एक शांततेचें किंवा गोंधळाचें. निरीक्षक वर्गांत मागें बसतो आणि त्या क्षणीं जें चाललें असेल त्याचा आंकडा दर तीन सेकंदांनीं कागदावर टिपतो. चाळीस मिनिटांच्या तासांत अशा ८०० नोंदी होतात. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत १९७० च्या सुमारास याच रीतीनें वर्गांचा अभ्यास झाला.

फ्लँडर्स यांच्या निरीक्षणाचें सार दोनतृतीयांशाच्या नियमांत सांगतां येतें. तासाच्या दोनतृतीयांश वेळांत कोणीतरी बोलत असतें. त्या बोलण्याचा दोनतृतीयांश भाग शिक्षकाचा असतो. आणि शिक्षकाच्या बोलण्यापैकीं पुन्हां दोनतृतीयांश भाग सांगण्याचा, आज्ञेचा वा कानउघाडणीचा असतो. हा नियम चाळीस मुलांच्या वर्गास लावून पाहा. चाळीस मिनिटांपैकीं विद्यार्थ्यांच्या वांट्यास एकंदर सुमारें नऊ मिनिटें येतात. तीं समान वांटलीं, तर प्रत्येकास तेरा सेकंद मिळतात. आणि प्रत्यक्षांत तीं समान वांटलीं जात नाहींत. पुढच्या बांकावरील चारदोन हुषार मुलें त्यांतील मोठा वांटा घेऊन जातात. मागच्या बांकावरचें मूल आठवडाच्या आठवडा एक वाक्यहि न बोलतां घरीं परत येऊं शकतें, आणि तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

हें बोलणें कशा सांच्यांत होतें, तें १९७५ सालीं इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या सिंक्लेअर व कूल्थर्ड या भाषाशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. शिक्षक प्रश्न करतात, विद्यार्थी उत्तर देतो, आणि शिक्षक त्या उत्तरावर निवाडा देतात. तीन पावलांची ही चाल वर्गांत अखंड चालते. बिंदु चौकांत एखाद्या परक्या गृहस्थानें आपणांस अंबाबाईच्या देवळाची वाट विचारली आणि आपण ती सांगितली, तर तो आपले आभार मानील, "शाबास, अगदीं बरोबर!" असें म्हणणार नाहीं. तसें म्हटल्यास आपण त्याच्याकडे चमकून पाहूं. वर्गांत मात्र हेंच रोज घडतें, कारण तेथें विचारणाऱ्यास उत्तर आधींच ठाऊक असतें. ही चाल सर्वस्वी टाकाऊ नाहीं. उजळणीस ती सोयीची आहे. परंतु दिवसभर तीच चालूं राहिली, तर बोलणें म्हणजे विचार करणें नसून परीक्षकाच्या मनांतलें ओळखणें होय, अशी मुलाची समजूत होते. चुकण्याच्या भयानें तें गप्प बसणें पसंत करतें.

या गप्प बसण्यावर एक साधा उपाय मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत मांडला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें अवघा एक सेकंद थांबतात, असें त्यांना ध्वनिमुद्रणांवरून आढळलें. आणि ज्या मुलांस शिक्षक मंद समजत, त्यांना त्याहूनहि कमी वेळ मिळे. ज्यास विचारास अधिक अवधि हवा, त्यासच तो नाकारला जात असे ! शिक्षकांनीं हा विराम तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढविला, तेव्हां उत्तरें लांब व सकारण होऊं लागलीं, मुलें आपण होऊन बोलूं लागलीं, स्वतः प्रश्न करूं लागलीं, आणि जीं पूर्वी मूक असत त्यांच्याकडूनहि उत्तरें येऊं लागलीं. या उपायास पैशाचा खर्च नाहीं. परंतु तीन सेकंदांची शांतता शिक्षकास फार लांब वाटते. ती सोसण्याची संवय लावून घ्यावी लागते.

तथापि अवधि दिला तरी जें मूल बोलत नाहीं, त्याचें काय ? येथें विल्यम लाबोव्ह यांच्या १९६९ सालच्या निबंधांतील एक हकीकत उपयोगी पडेल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील आठ वर्षांचा एक मुलगा प्रश्नकर्त्यापुढें एकेका शब्दांत उत्तरें देई. या मुलांस भाषाच येत नाहीं, असें त्या काळीं कित्येक विद्वान् म्हणत. मग त्याच प्रश्नकर्त्यानें मुलाच्या जिवलग मित्रास सोबत आणलें, बटाट्याच्या कापांची पुडी आणली, आणि स्वतः तो जमिनीवर बसला. तोच मुलगा इतका बोलूं लागला कीं दोघे मित्र एकमेकांस बोलूं देईनात. मुलाजवळ भाषा होती. बसण्याची आणि विचारण्याची रीत तिला बाहेर येऊं देत नव्हती.

आपल्या कोल्हापुरांत ही गोष्ट परकी नाहीं. या भागांतील पुष्कळ घरांत मुली "मी जातो", "मी आलो" असें बोलतात. तो या बोलीचा नियम आहे. बोलणारीचें अज्ञान नव्हे. अशी एखादी मुलगी पहिलींत येऊन उत्साहानें सांगते, "मी काल घाटावर गेलतो, लई पाणी आलंय !" येथें दोन मार्ग संभवतात. "गेलतो नव्हे, गेलें होतें म्हण," असें सांगून तिला वर्गासमक्ष थांबवितां येतें. वर्ग हंसतो, आणि पंचगंगेचें पाणी तिच्या घशांतच राहतें. किंवा, "काल तूं घाटावर गेली होतीस ? पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलें होतें ?" असें विचारतां येतें. दुसऱ्या मार्गानें प्रमाण रूप तिच्या कानीं पडतेंच. शिवाय तिला आठवावें, मोजावें आणि सांगावें लागतें. प्रमाण मराठी प्रत्येक मुलास आलीच पाहिजे, यांत वाद नाहीं. पण ती घरच्या बोलीच्या आधारानें यावी; बोलीचा अपमान करून नव्हे.

हें सांगण्याचा अधिकार कोल्हापुरास विशेष आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण देण्याचें ठरविलें, आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. ज्यांच्या घराण्यांत अक्षरओळख नव्हती, त्यांची मुलें त्यामुळें शाळेच्या उंबरठ्याच्या आंत आलीं. याच शहरांत १९८५ सालीं लीलाताई पाटील यांनीं सृजन आनंद विद्यालय सुरू केलें, आणि मुलांचे अनुभव, त्यांचे प्रश्न व त्यांच्याशीं मोकळा संवाद यांस अध्यापनांत मानाचें स्थान दिलें. पहिल्या कार्यानें मूल वर्गांत आणलें. दुसऱ्यानें त्यास तेथें बोलतें केलें. दुसऱ्यावांचून पहिलें अपुरें राहतें. कारण वर्षानुवर्षें मूक बसलेलें मूल हजेरीपटावर असलें, तरी शिक्षणांत असतेंच असें नाहीं.

शिक्षकांपुढील अडचणी थोड्या नाहींत. वर्ग मोठे असतात, पाठ्यक्रम लांब असतो आणि परीक्षा जवळ असते. म्हणून सारा भार त्यांच्यावर टाकणें न्याय्य होणार नाहीं. श्रोतेहो, आपल्या घरींहि एक लहानसा वर्ग रोज सायंकाळीं भरत असतो. मूल शाळेंतून आलें कीं "आज काय शिकविलें ?" असें आपण विचारतों, आणि "कांहीं नाहीं" हें उत्तर मिळतें. त्याऐवजीं "आज तूं काय विचारलेंस ?" असें विचारून पाहावें, आणि विचारल्यावर, उत्तर येईपर्यंत, मनांतल्या मनांत तीन अंक मोजून थांबावें. पहिले कांहीं दिवस उत्तर न येण्याचाच संभव आहे. तरीहि प्रश्न सोडूं नये. सायंकाळीं घरीं हें विचारलें जाणार आहे, हें एकदां मुलास ठाऊक झालें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं वर्गांत हात वर करण्यास त्याला एक कारण मिळतें.