डिझेल इंजिनाला थंडी का वाजते?

नंदुरबार तालुक्यातील कोरीटच्या शिवारात जानेवारीतील एक पहाट डोळ्यांपुढे आणा. पारा ८° सेल्सियसवर उतरला आहे. गव्हाला पाणी द्यायचे आहे आणि पंपाचे डिझेल इंजिन, हँडल मारून दंड भरून आले तरी, नुसतेच फुरफुरते. तेच इंजिन दुपारी पहिल्याच दमात धडधडू लागते. असे का व्हावे?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या सिलिंडरमधील हवा सुमारे सतराव्या हिश्शाइतक्या जागेत दाबतो. दाबल्याने हवा तापते (सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो, तो मुख्यतः याच कारणाने) आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. त्यासाठी हवा निदान अडीचशे अंशांच्या आसपास तापावी लागते.

आता थोडे गणित. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर हवेचे निरपेक्ष तपमान १७ च्या ०.४ व्या घाताइतके, म्हणजे ३.१ पट होते. ८° से. म्हणजे निरपेक्ष २८१ अंश; त्याचे होतात ८७१, म्हणजे जवळजवळ ६००° से. मग अडचण कोठे आली? अडचण ‘उष्णता बाहेर गेली नाही तर’ या शब्दांत आहे. हाताने सावकाश फिरणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा थंडगार लोखंडाला उष्णता देऊन टाकते, काही हवा कड्यांच्या फटींतून निसटते. घातांक ०.४ ऐवजी ०.२ धरला, तर तपमान १.७६ पटच होते. मग ८° ची हवा पोहोचते २२२° से.वर, आणि ३५° ची हवा २६९° से.वर. एक अडीचशेच्या अलीकडे, दुसरी पलीकडे! आकडे ढोबळ आहेत, पण पहाट आणि दुपार यांतला फरक त्यांतून नेमका दिसतो.

त्यात भर वंगणाची. थंडीत तेलाची श्यानता वाढते, ते काकवीसारखे दाट होते आणि इंजिन आणखी सावकाश फिरते. सावकाश फिरले की उष्णता जायला आणखी वेळ मिळतो. ट्रॅक्टरची बॅटरीही थंडीत कमी जोर देते, कारण तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते.

कॅनडासारख्या देशांत यावर ‘ब्लॉक हीटर’ वापरतात. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यात शीतक द्रवाच्या वाटेवर विजेचा छोटा तापक बसवलेला असतो. गाडी उभी केली की त्याची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचायची. समजा, लोखंड, पाणी आणि तेल मिळून इंजिन १° ने तापवायला ९० किलोज्यूल लागतात. ३०° साठी २,७०० किलोज्यूल झाले. ५०० वॉटचा तापक ते ५,४०० सेकंदांत, म्हणजे दीड तासात देईल. हवेत जाणारी उष्णता धरून दोन-तीन तास समजा. रात्रभर चालू ठेवणे म्हणजे वीज फुकट घालवणे होय.

आपल्याकडे एवढ्या खटाटोपाची गरज नाही. ज्या इंजिनात थंड करायला साधे पाणीच असते, तेथे गरम पाणी ओतण्याची जुनी युक्ती म्हणजे विजेविना ब्लॉक हीटरच. मात्र पाणी उकळते नको. थंड ओतीव लोखंड एकाएकी असमान प्रसरण पावले तर तडकते. हँडल मारताना दाब सोडणारी कळ उघडी ठेवावी आणि चाकाने वेग घेतला की मगच ती मिटावी, म्हणजे हवेला उष्णता गमवायला वेळच मिळत नाही. काही जण तेलाच्या टाकीखाली पेटते बोळे किंवा शेकोटी धरतात. हे मात्र कोणी करत असेल तर हट्टाने थांबवा! इंजिनाखाली सांडलेले डिझेल-तेल आणि चिंध्या क्षणात पेट घेतात.

आणखी एक गोष्ट उरतेच. ब्लॉक हीटर इंजिन गरम करतो, टाकीतले डिझेल नव्हे. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. कडक थंडीत त्यांचे स्फटिक होऊन गाळणी तुंबते. कोरीटच्या थंडीत सहसा ही पाळी येत नाही, पण लडाखमध्ये येते. म्हणून इंडियन ऑईलने २०१९ च्या नोव्हेंबरात तेथे उणे ३३° से.पर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल पाठवण्यास सुरुवात केली.