अस्मानी की सुलतानी? : २६ जुलै २००५ च्या जलप्रलयानंतरची दोषचर्चा आणि शासकीय उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी माणसाने संकटांची विभागणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. जे आभाळातून येते ते अस्मानी आणि जे राज्यकर्त्यांकडून येते ते सुलतानी. अस्मानी संकटाबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. सुलतानी संकटाबद्दल विचारता येतो, निदान विचारावासा वाटतो. दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबई व उपनगरांवर जो जलप्रलय ओढवला, त्यानंतर अनेक महिने चाललेली सार्वजनिक चर्चा वस्तुतः याच दोन शब्दांभोवती फिरत होती. हे संकट यांपैकी कोणत्या रकान्यात घालायचे, हा तो वाद होता. प्रस्तुत लेखात त्या वादातील प्रमुख युक्तिवादांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि दोष निश्चित करण्याची प्रक्रिया कोठे व का अडते हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणादाखल भांडुप परिसराचा विचार केला आहे. त्याचे एक कारण असे की प्रस्तुत लेखकाचे बालपण याच परिसरात गेले. त्या दिवशी तो दहावीत शिकत होता आणि शीवहून रुळांवरून चालत निघालेले वडील दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून ते पुढे येईल.

आकड्यांचा आधार

सांताक्रूझ वेधशाळेत २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्यातील बहुतांश पाऊस २६ जुलैच्या दुपारनंतर काही तासांत पडला. त्याच कालावधीत कुलाब्याला सुमारे ७३ मि.मी. पाऊस झाला; म्हणजे दक्षिण मुंबईत तो दिवस जवळजवळ नेहमीच्या पावसाळी दिवसासारखाच होता. विहार तलावाच्या परिसरात हजार मि.मी.हून अधिक पाऊस झाल्याची नोंद आहे. पाऊस जोर धरत असतानाच समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. बृहन्मुंबईत चारशेहून अधिक, तर राज्यात त्या दिवसांतील अतिवृष्टीमुळे एकूण हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. साकीनाक्याच्या आझादनगरमध्ये टेकडी खचून एका ठिकाणी सत्तरहून अधिक बळी गेले. २८ जुलैच्या रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत अफवेने चेंगराचेंगरी होऊन पंधराहून अधिक जण दगावले. या शेवटच्या मृत्यूंना पावसाचे पाणी कारणीभूत नव्हते. अधिकृत, विश्वासार्ह माहिती लोकांपर्यंत पोहोचत नव्हती म्हणून हे मृत्यू झाले, ही बाब दोषचर्चेत फारशी अधोरेखित झाली नाही.

९४४ हा आकडा शासनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद ठरला. एवढा पाऊस जगातील कोणत्याही शहराला झेपला नसता, असे सांगितले गेले आणि त्यात तथ्यांश होता. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मि.मी. पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. त्या दिवशी एका तासातील पाऊस यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक होता. परंतु हाच आकडा उलट बाजूनेही वाचता येतो. ताशी २५ मि.मी.ची क्षमता अपुरी आहे हे २००५ मध्ये प्रथम कळले नाही. १९८५ मधील पुरानंतर सल्लागार नेमून तयार करण्यात आलेला ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये महापालिकेच्या हाती आला होता. ही क्षमता ताशी ५० मि.मी. करावी, नाल्यांचे रुंदीकरण करावे आणि समुद्राच्या तोंडाशी उदंचन केंद्रे उभारावीत, असे त्यात सुचवले होते. खर्चाचा अंदाज सुमारे ६०० कोटी रुपये होता. पुढील बारा वर्षांत त्यातील अल्पांशच काम झाले. ते पूर्ण झाले असते तरी २६ जुलैला शहर बुडालेच असते, हे मान्य करावे लागते. तथापि पाणी किती उंच चढले असते आणि किती तासांत ओसरले असते, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात; माणसे वाचतात वा मरतात ती याच दोन उत्तरांमधल्या अंतरात.

दोषाचे वर्तुळ

त्या वेळी राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे सरकार होते व विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. महापालिकेत शिवसेना-भाजप युतीची सत्ता होती, महापौर दत्ता दळवी होते. आयुक्त जॉनी जोसेफ हे राज्य शासनाने नेमलेले सनदी अधिकारी होते. या रचनेतच दोषचर्चेचे बीज आहे. १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ६१ नुसार गटारे व नाले बांधणे आणि साफ ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, परंतु कार्यकारी अधिकार महापौराकडे नसून आयुक्ताकडे आहेत आणि आयुक्त राज्याचा. त्यामुळे सत्ताधारी नगरसेवक प्रशासनाकडे बोट दाखवू शकत होते, राज्यकर्ते महापालिकेकडे आणि सर्वजण मिळून हवामान खात्याकडे. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला होता, पण अशा तीव्रतेचा अंदाज त्यात नव्हता. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हते. मुंबईचे शांघाय करण्याच्या घोषणेला अद्याप वर्षही उलटले नव्हते. व्यंगचित्रकारांना त्यामुळे विषयाची ददात पडली नाही.

या वर्तुळात आणखी एक भिडू अनाहूतपणे आला, तो म्हणजे ‘मुंबईकरांचे स्पिरिट’. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, चाळींतून पाण्यात उभ्या बसगाड्यांकडे चहा-बिस्किटे गेली, हे खरेच आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या कौतुकाचा उपयोग कसा झाला, हे तपासले पाहिजे. शासनाने जे करावयास हवे होते ते नागरिकांनी केले, ही तक्रारीची बाब होती. ती पाहता पाहता अभिमानाची बाब झाली. ज्या समाजाला स्वतःच्या सोसण्याचा अभिमान वाटू लागतो, त्याच्याकडून जाब विचारला जाण्याची भीती राज्यकर्त्यांना फारशी उरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कॅटरिनाशी तुलना

२६ जुलैनंतर सुमारे एका महिन्याने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर धडकले. पूरबंधारे फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. आपल्याकडे तेव्हा काहीशा समाधानाने म्हटले गेले की महासत्तेचीही तीच गत झाली. हे समाधान फसवे होते. कॅटरिनाचा अंदाज अचूक होता. आदल्या दिवशी शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेशही निघाला होता. तरीही ज्यांच्याकडे वाहन नव्हते ते मागे राहिले आणि त्यांच्यापर्यंत मदत पोहोचण्यास अनेक दिवस लागले. म्हणजे पूर्वसूचना मिळाली असती तर सारे ठीक झाले असते, हा मुंबईतील बचाव कॅटरिनाच्या उदाहरणाने उलट दुबळाच होतो.

तेथेही महापौर रे नेगिन, गव्हर्नर कॅथलीन ब्लँको आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या प्रशासनात दोषाची ढकलाढकल झाली. पक्षीय राजकारण झाले. फरक एवढाच की संघराज्य आपत्कालीन यंत्रणेचे प्रमुख मायकेल ब्राऊन यांना दोन आठवड्यांच्या आत पद सोडावे लागले आणि प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे जाहीर उत्तरे द्यावी लागली. एका अधिकाऱ्याच्या राजीनाम्याने बंधारे मजबूत होत नाहीत, हे खरे. एका माणसावर सारे ढकलून बाकीचे मोकळे होतात, असाही आक्षेप तेथे घेतला गेला. तरी प्रश्न विचारणाऱ्यांपुढे कोणीतरी नावानिशी बसले होते.

चौकशीचे स्वरूप

दोष कोणाचा, याचे उत्तर चौकशी कोण करते आणि तिला काय विचारले जाते यावर अवलंबून असते. महाराष्ट्रात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुणे वाहून गेले, तेव्हा न्यायालयीन चौकशी आयोग नेमण्यात आला, आधी न्या. बावडेकर आणि त्यांच्या मृत्यूनंतर न्या. नाईक यांनी ते काम केले. न्यायाधीशाची पद्धती साक्षीपुराव्याची असते. त्याच्यापुढे माणसे येतात, त्यांची उलटतपासणी होते आणि अखेर ‘कोणी’ हा शब्द टाळता येत नाही.

२००५ मध्ये राज्य शासनाने ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. मुंबईच्या पाणलोटक्षेत्रांचा इतका सविस्तर अभ्यास त्यापूर्वी झाला नव्हता, आणि मिठी नदीपात्रातील अतिक्रमणे, विमानतळाजवळील तिची वळणे, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने आकसलेला प्रवाह, पर्जन्यमापकांचे जाळे अशा अनेक बाबींवरील तिचे विवेचन आजही मोलाचे आहे. परंतु अभियंत्याचा प्रश्न ‘पाणी का साचले’ हा असतो, ‘कोणी साचू दिले’ हा नव्हे. नदीपात्रात भराव टाकला गेला, हे कर्मणी वाक्य अभियांत्रिकी अहवालात पूर्ण असते. नागरिकाच्या दृष्टीने ते अपूर्ण आहे, कारण त्यात कर्ता नाही. समितीच्या विद्वत्तेचा हा दोष नव्हे, तिला सोपविलेल्या कामाची ती मर्यादा होती. नागरिकांच्या पुढाकाराने नेमलेल्या एका आयोगाने स्वतंत्र चौकशी केली खरी, पण त्याला साक्षीसाठी कोणाला बोलावण्याचा वैधानिक अधिकार नव्हता.

कायद्याच्या पातळीवर मात्र त्या वर्षाअखेरीस मोठा बदल झाला. डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. त्याला २००४ च्या त्सुनामीची पार्श्वभूमी होती. त्याच्या कलम ५५ नुसार शासकीय विभागाकडून गुन्हा घडल्यास विभागप्रमुख दोषी मानला जातो, जोवर तो आपली अनभिज्ञता वा दक्षता सिद्ध करीत नाही. कलम ५६ नुसार कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. याच कायद्यातील कलम ७३ सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण देते. संकटात निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला असे संरक्षण हवेच. पण या अधिनियमान्वये ज्या कृतीस संरक्षण आहे ती ‘कृती’ आहे. बारा वर्षे एक अहवाल कपाटात राहिला, ही कृती की अकृती, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही.

भांडुप : अधिकारांचा उतार

आता भांडुपच का, याचे दुसरे कारण. पश्चिमेकडील टेकड्यांवर पडलेला पाऊस पूर्वेला ठाणे खाडीपर्यंत काही किलोमीटरच वाहतो. पण एवढ्या अंतरात तो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून, म्हणजे वनविभागातून निघतो. खिंडीपाडा, टेंभीपाडा, हनुमाननगरच्या वस्त्यांतून महापालिकेच्या नाल्यात उतरतो. मध्य रेल्वेच्या रुळांखालील मोऱ्यांतून जातो. २००५ मध्ये महापालिकेकडे नसलेला पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडतो. आणि केंद्र शासनाच्या मीठ आयुक्तांकडील मिठागरांतून व कांदळवनातून खाडीस मिळतो. विजेचे तर निराळेच. शेजारच्या उपनगरांत खासगी कंपनीची वीज, भांडुप-मुलुंडला महावितरणची. पाण्याला उतार एकच असतो, जबाबदारीला मात्र प्रत्येक हद्दीवर चढ लागतो. मोरी तुंबली तर नाला रेल्वेचा की पालिकेचा, हा वाद दर पावसाळ्यात स्थानिकांच्या कानी पडतो आणि दोन्ही बाजूंकडे आपापली कागदपत्रे असतात.

१८ जुलै २०२१ रोजी हे चित्र पुन्हा दिसले. भांडुप संकुलातील जलशुद्धीकरण केंद्रात पावसाचे पाणी शिरून यंत्रसामग्री बंद पडली आणि मुंबईच्या बहुतांश भागाचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये व चेंबूरच्या भारतनगरमध्ये दरड व भिंत कोसळून अनेकांचे प्राण गेले. भांडुपमध्ये वनविभागाची संरक्षक भिंत पडून एक किशोरवयीन मुलगा दगावला. त्याआधी जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची भिंत कोसळून तीसहून अधिक माणसे मेली होती. एक भिंत वनविभागाची, दुसरी पालिकेची. दोन्ही ठिकाणी भिंतीखाली राहणारी माणसे एकाच वर्गातली.

दरम्यान बरेच काही झालेही आहे, हे नोंदविणे न्याय्य ठरेल. मिठी नदी विकास प्राधिकरण ऑगस्ट २००५ मध्येच स्थापन झाले, केंद्राने ‘ब्रिमस्टोवॅड’साठी २००७ मध्ये १२०० कोटी रुपये मंजूर केले, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभी राहिली, महापालिकेचा आपत्कालीन कक्ष चोवीस तास जागा असतो, कुलाब्यापाठोपाठ वेरावलीलाही डॉप्लर रडार बसले. परंतु २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशाच्या कंत्राटांत सुमारे ६५ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. आरोप सिद्ध व्हावयाचे आहेत. तरीही २००५ नंतर वीस वर्षांनी पाणी तुंबण्याच्या प्रश्नात माणसांची नावे कागदावर आली, आणि तीही आपत्तीच्या नव्हे तर पैशाच्या निमित्ताने, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

टेकडीवरच्या वस्त्यांतून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलताना एक कागद हमखास पुढे येतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी दरडप्रवण भागातील रहिवाशांना पालिकेच्या विभाग कार्यालयाकडून सूचना दिली जाते. सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, असे तीत म्हटलेले असते. कोठे, ते बहुधा नसते. शेवटच्या ओळीचा आशय असा असतो की स्थलांतर न केल्यामुळे दुर्घटना घडल्यास महापालिका जबाबदार राहणार नाही. एका विद्यार्थ्याने तो कागद वर्गात वाचून दाखवला, घडी घालून पुन्हा वहीत ठेवला आणि विचारले, “सर, पाऊस पडायच्या आधीच ठरलं का?”