घरच्या घरी कॅथेटर : अडचण नळीची की वेळेची?

मणक्याला झालेली इजा, दीर्घकाळच्या मधुमेहाने मंदावलेल्या नसा, मुलांमध्ये पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, अशा निरनिराळ्या कारणांनी मूत्राशय आपणहून पूर्ण रिकामे होईनासे होते. अशा रुग्णास दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच नळी घालून लघवी काढावयास शिकविले जाते. लघवी निघताच नळी बाहेर येते. कायमची पिशवी लटकवावी लागत नाही. रुग्णालयात हे सहज जमते. घरी गेल्यावर मात्र दोन-तीन महिन्यांत पुष्कळजण ते सोडून देतात, आणि दोष बहुधा नळीवर ढकलला जातो.

ही पद्धत रूढ झाली ती अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडिस यांच्या १९७२ सालच्या लेखामुळे. तत्पूर्वी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन हेच काम संपूर्ण निर्जंतुक पद्धतीने करवीत असत. लॅपिडिसांनी सांगितले, की निर्जंतुकता अनिवार्य नाही, साधी स्वच्छता पुरे. फार ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीचा रक्तपुरवठा मंदावतो, तिची प्रतिकारशक्ती घटते आणि जंतूंना वाव मिळतो. म्हणून वेळेवर रिकामे करणे अधिक मोलाचे. आपल्या घरांतील सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारामुळे हे पटणे अवघड जाते. हातमोजे नाहीत, उकळलेले पाणी नाही, म्हणून दुपारची वेळ चुकविणारे रुग्ण मी पाहिले आहेत. हात साबणाने धुवा आणि वेळ पाळा, एवढेच त्यांना सांगावे लागते.

वेळ ठरवावी कशी? मोजपात्र ठेवून आठवडाभर नोंद करावी. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरहून अधिक लघवी निघत असेल, तर मधले अंतर कमी करावे. संध्याकाळनंतर चहा-पाणी बेताने घेतले, तर रात्रीची झोप वाचते. परंतु नळी टाळण्यासाठी दिवसभर पाणीच न पिणे हा उपाय नव्हे. आपोआप थोडी गळती होते म्हणजे मूत्राशय रिकामे झाले, हाही भ्रमच. तुंबलेल्या लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि मूत्रपिंडे बिघडत असताना दुखतेच असे नाही.

आता प्रत्यक्ष अडचणी. पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारे १८ ते २० सेंटिमीटर लांब व वळणाचा असतो. शिश्न पोटाच्या दिशेने उचलून धरल्यास पुढचे वळण सरळ होते. जेली सढळ हाताने लावावी. आत गेल्यावर मध्येच नळी अडते, ते बहुधा स्नायू आवळल्यामुळे. तेथे थांबावे, दीर्घ श्वास सोडावा आणि हलका, स्थिर दाब ठेवावा. जोर कदापि करू नये. त्याने खोटा मार्ग तयार होतो. प्रोस्टेट वाढलेल्या गृहस्थांना टोकाशी किंचित वाकलेली नळी सोयीची पडते. स्त्रियांचा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पण तोंड सापडत नाही. प्रारंभी आरसा घ्यावा, पुढे बोटाच्या स्पर्शानेच जमते. नळी चुकून योनीत गेली तर ती तेथेच राहू द्यावी आणि दुसरी स्वच्छ नळी तिच्या वरच्या बाजूस घालावी. लघवी येऊ लागल्यावर नळी आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत सारावी. काढताना सावकाश काढावी, मध्येच पुन्हा धार आली तर थांबावे.

दिवसाला पाच म्हणजे महिन्याला दीडशे नळ्या, हा खर्च सर्वांस पेलवत नाही. पाकिटावर एकदाच वापरण्याची सूचना असली, तरी साध्या प्लास्टिकच्या नळ्या धुऊन वापरण्याची रीत आपल्याकडे आहे. त्या आतून-बाहेरून साबणाने व वाहत्या पाण्याने धुवाव्यात, पूर्ण वाळवाव्यात, कोरड्या डब्यात ठेवाव्यात आणि कडक वा धूसर होताच टाकून द्याव्यात. पाण्याने बुळबुळीत होणारा लेप असलेल्या नळ्या मात्र पुन्हा वापरू नयेत.

डॉक्टर बंधु-भगिनींना एक विनंती. अशा रुग्णांच्या लघवीत जंतू बहुधा सापडतातच. ताप नाही, त्रास नाही, तरी केवळ कल्चरच्या अहवालावरून प्रतिजैविके देण्याचा मोह आवरावा. थंडी वाजून ताप येणे, कमरेत दुखणे, गुठळ्यांसह रक्त जाणे, ही खरी धोक्याची लक्षणे होत. पहिल्या दिवसांतील चार थेंब रक्ताने घाबरू नये. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा झालेल्या रुग्णाचे डोके अकस्मात भयंकर दुखू लागले, चेहऱ्यावर घाम फुटला, तर त्यास बसते करून प्रथम मूत्राशय रिकामे करावे. रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. तरीही आराम न पडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

राहता राहिला संकोच. एकत्र कुटुंबात स्वच्छतागृह एकच, सुनेसमोर डबा घेऊन जाणे सासऱ्यांना नको वाटते. मी घरच्या एका माणसास शिकवणीच्या वेळीच सोबत बोलावतो. तो पुढे "काका, वेळ झाली" एवढेच म्हणतो आणि कोणी काही विचारीत नाही. इंदूरहून पुण्याला लग्नाला निघालेल्यांनी चष्म्याच्या डब्यासारख्या लांब डबीत दोन नळ्या, जेली, ओले पुसण्याचे कागद व एक झाकणाची बाटली ठेवावी. रेल्वेच्या डब्यात उभ्याने तोल जातो. बर्थवर पडदा ओढून, बाटलीतच लघवी घेणे अधिक बरे.