मूषक नियंत्रण, इमारतींतील

मानवी वस्तीत शिरून अन्नधान्य, कापड, कागद व विजेच्या तारांचे आवरण यांची नासाडी करणाऱ्या आणि रोगप्रसारास कारण होणाऱ्या कृंतक प्राण्यांना अटकाव करण्याच्या उपायांस ही संज्ञा लावतात. मुंबईत गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील जुन्या चाळींत घरातील छोटा उंदीर, पोटमाळ्यावर व वाशांवर वावरणारा काळा उंदीर आणि जमिनीत बिळे करणारी घूस यांचा उपद्रव मुख्यत्वे आढळतो. चिचुंदरी कृंतक नसून कीटकभक्षक आहे. तिला उंदीर समजून मारणे निरर्थक होय.

छोट्या उंदराचा गर्भावधी सुमारे २० दिवसांचा असतो. एका वेळी साधारणतः ५-६ पिले होतात व ती दीड-दोन महिन्यांत प्रजननक्षम बनतात. दिवसाला सुमारे ३ ग्रॅम अन्न त्यास पुरते आणि पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून तो आत येतो. त्यामुळे अन्न व आश्रय कायम असता केवळ मारल्याने संख्या फार काळ घटत नाही.

चाळीच्या रचनेत ही दोन्ही साधने मुबलक असतात. दोन चाळींमधील घरगल्लीत सांडपाण्याचे नळ असतात व खिडक्यांतून टाकलेले खरकटे साचते. नळ भिंतीत शिरतो तेथील भगदाड, मोरीचे उघडे तोंड, लाकडी जिन्याखालची पोकळी व सलग छप्पर यांतून उंदीर बिऱ्हाडोबिऱ्हाडी फिरतात. एकाच खोलीत उपाय केल्यास ते बहुधा शेजारच्या खोलीत जातात. म्हणून नियंत्रणाचे एकक खोली नसून संपूर्ण इमारत व तिची घरगल्ली हे मानले पाहिजे.

याचे महत्त्व प्लेगच्या साथीने दाखविले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. त्यावेळी रोगवाहक ज्ञात नसल्याने गटारे व घरे जंतुनाशकांनी धुण्यावर भर होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराची येथे उंदरांवरील पिसवांचा संबंध दाखविला व पुढे परळ येथील प्रयोगशाळेत (सध्याची हाफकिन संस्था) १९०५ नंतर झालेल्या संशोधनाने तो पक्का झाला. उंदीर मेल्यावर पिसवा त्यास सोडून नवा आश्रयदाता शोधतात. त्यामुळे प्लेगच्या काळात पिसवांचा बंदोबस्त न करता उंदीर मारणे धोक्याचे ठरते. आज मुंबईत अधिक भीती लेप्टोस्पायरोसिसची आहे. उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यातून त्वचेवरील जखमांवाटे शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाचे अनेक रुग्ण आढळले.

प्रतिबंधासाठी भगदाडे सिमेंटने बुजवावीत, मोरीस बारीक जाळी व दारास खालून पत्र्याची पट्टी बसवावी. नुसती चिंधी किंवा लाकूड उंदीर कुरतडतात. धान्य पत्र्याच्या डब्यांत ठेवावे. सापळे भिंतीलगत, उंदरांच्या वाटेवर मांडावेत. काळा उंदीर नव्या वस्तूस बिचकत असल्याने सापळा काही रात्री न लावता, केवळ आमिष घालून ठेवल्यास अधिक यश मिळते. पिंजऱ्यातील उंदीर भूतदयेपोटी जवळच्या मैदानात सोडण्याने उपद्रवाची केवळ जागा बदलते.

विषांपैकी झिंक फॉस्फाइड तीव्र आहे. ब्रोमॅडायोलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे सावकाश परिणाम करतात, म्हणून उंदरास आमिषाचा संशय येत नाही. पिवळ्या फॉस्फरसयुक्त मलमाने माणसांचे बळी गेले असून त्यावर खात्रीचा उतारा नाही. लहान मुले असलेल्या घरात ते मुळीच आणू नये.

महानगरपालिकेचे कीटकनाशक खाते बिळांत विषारी गोळ्या टाकते. रात्री काठीने उंदीर मारणारे कर्मचारीही त्याच्याकडे असतात. तथापि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठली व अनेक मालकांनी डागडुजी सोडली. फुटके नळ आणि भेगा तशाच राहिल्या. आता अशा चाळी पाडल्या जात असता तेथील उंदीर लगतच्या इमारतींत शिरतात. पाडकामापूर्वी काही दिवस आमिष घालणे व शेजारच्या इमारतींची भगदाडे बुजविणे त्यासाठी आवश्यक असते.