कानाचा रिपोर्ट नॉर्मल, मग मूल सारखं ‘काय?’ का विचारतं?

(कान आणि आपण : लेखांक 7)

मागच्या लेखात आपण ऑडिओग्राम वाचायला शिकलो. आवाजबंद खोलीत, हेडफोन लावून, बारीकातला बारीक सूर ऐकू येतो का, एवढंच तो सांगतो. पण काही जणांचा हा आलेख अगदी स्वच्छ येतो आणि तरीही वर्गात, लोकलमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं त्यांच्या हाती लागत नाही. आज त्यांच्याविषयी.

अशा मुलाच्या घरी काय चालतं ते सांगायला नको. ‘दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू आणि डबा मोरीत टाक’ म्हटलं की दप्तर तेवढं जागेवर जातं. श्रुतलेखनात ‘भाग’चा ‘बाग’ होतो, ‘खरा’चा ‘करा’. बाई वहीत शेरा मारतात, लक्ष देत नाही. आई म्हणते, तुला ऐकायचंच नसतं. गल्लीच्या टोकाला कुल्फीवाल्याची घंटा वाजली तर याच पोराला सगळ्यांच्या आधी ऐकू जाते, त्यामुळे आईचा संशय आणखी पक्का होतो.

डॉक्टर याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर किंवा एपीडी म्हणतात. मराठीत श्रवणप्रक्रिया दोष म्हणू. कान आवाज पकडतो, पण ऐकण्याचं निम्मं काम त्याच्या पुढे होतं. मेंदूच्या देठात दोन्ही कानांकडून आलेल्या संकेतांची वेळ ताडून पाहिली जाते. उजवीकडचा आवाज डाव्या कानात पोचायला मिलिसेकंदभरही उशीर होत नाही, आणि तेवढ्या फरकावरून आपल्याला दिशा कळते. दिशा कळली की पंख्याची घरघर बाजूला सारून बाईंचा आवाज वेगळा काढता येतो. ‘क’ आणि ‘ख’ यांच्यातला फरकही मोजक्या मिलिसेकंदांचाच असतो. ही वेळेची कारागिरी ढिली पडली, तर शांत खोलीत सगळं कळतं आणि गोंगाटात काहीच कळत नाही.

हे पहिल्यांदा नीट दिसलं ते इटलीत. 1954 साली बोक्का, कालेआरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात गाठ असलेले रुग्ण तपासले. ऑडिओग्राममध्ये फारसं काही सापडेना. मग त्यांनी बोलण्यातले वरच्या पट्टीचे स्वर गाळून तेच शब्द ऐकवले. तेव्हा गाठीच्या विरुद्ध बाजूचा कान अडखळला. धडधाकट मेंदू मोडकंतोडकं बोलणंही सांधून घेतो. आजारी मेंदूला ते जमलं नाही. आजच्या चाचण्याही याच तत्त्वावर चालतात. दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात, आवाजातली क्षणभराची फट ओळखायला लावतात, गोंगाटात वाक्यं म्हणून घेतात. साधारण सात वर्षांच्या आत मात्र या चाचण्यांचा भरवसा धरता येत नाही. आणि मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी शब्दांवर तपासलं, तर तपासणी त्याच्या इंग्रजीची होते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाक्-श्रवण संस्थेत किंवा म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत चौकशी करताना भाषेबद्दल आधी विचारा.

या निदानावर तज्ज्ञांचं एकमत नाही, हेही वाचकांना ठाऊक असावं. 2010 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे दीड हजार मुलांच्या अभ्यासात असं दिसलं की ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध ध्वनी ओळखण्यापेक्षा अवधानाशी आणि आकलनाशी अधिक होता. म्हणून एकट्या ऑडिओलॉजिस्टच्या कागदावर शिक्का मारून घेऊ नये, असं माझं मत. भाषा, वाचन, अवधान हेही त्याच वेळी तपासून घ्यावं. त्याला सवलतींच्या व्यवहाराचीही बाजू आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, श्रवणप्रक्रिया दोषाचं वेगळं नाव नाही.

उपायांची सुरुवात मुलापासून नव्हे, वर्गापासून करायची. तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या आत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे वरती पत्रा, खाली शहाबादी फरशी, डोक्यावर खडखडणारा पंखा आणि खिडकीबाहेर एसटीचा थांबा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनी घटतो, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत बाईंचं काय पोचत असेल? मुलाला पुढे बसवा, पण दाराखिडकीशी नको, आणि बाईंचा चेहरा दिसेल असं. एका वेळी एकच सूचना द्या. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न ओरडता वेगळ्या शब्दांत सांगा. गृहपाठ फळ्यावर लिहा. ऐपत असेल तर रिमोट मायक्रोफोन घ्या. बाईंच्या गळ्याशी माइक, मुलाच्या कानात रिसीव्हर. मूल वर्गात कुठेही बसलं तरी आवाज थेट पोचतो.

कानाला वळण लावणारे संगणकी खेळही आहेत. दिशेच्या जाणिवेसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या खेळाचा काही मुलांना फायदा झालेला आहे. पण खेळात गुण वाढणं आणि वर्गात समजणं यांत अंतर राहतं, तेव्हा ‘तीन महिन्यांत खात्री’ म्हणणाऱ्या पॅकेजवर पैसे ओतण्याआधी मूल कुठे बसतं ते बघून या.

मोठ्यांमध्ये हा त्रास डोक्याला मार लागल्यावर, पक्षाघातानंतर किंवा निव्वळ वयामुळे येतो. ‘ऐकू येतं रे, पण काय बोलताय ते कळत नाही,’ असं आजोबा म्हणतात तेव्हा ते हट्ट करत नसतात. साधं श्रवणयंत्र गोंगाटही मोठा करतं, म्हणून ते खोक्यात जाऊन पडतं. टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोललं तर अर्धी भांडणं टळतील. हॉटेलात त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवा. मात्र कालपर्यंत सगळं समजणाऱ्या माणसाला आज एकाएकी बोलणं कळेनासं झालं, तर कानाच्या तपासणीची वेळ घेत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. त्याच घटकेला इस्पितळ गाठा.