पाटा वाढवू, का मोठी टायरं टाकू?

सुट्टीला गावी गेलं की मेकॅनिकलच्या पोराला एक प्रश्न हमखास येतो. "इंजिनिअर हाईस ना रं तू? मग सांग, जीपला पाटा वाढवू, का मोठी टायरं टाकू?" पाटण, ढेबेवाडीकडच्या मित्रांना तर जास्तच. तिकडं डांबर संपलं की वस्तीपर्यंत लाल चिखल आणि वर सड्यावर जांभा. अशा वेळी "बघून सांगतो मामा" म्हणून किती दिवस काढणार?

आधी गाडीची ठेवण बघू. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला पुढं-मागं अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे होते. पुढं २०१० च्या थारला पुढच्या बाजूला टॉर्शन बार आला, मागं पाटेच राहिले. २०२० च्या थारमध्ये मागंही कॉइल स्प्रिंग आली. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांचा मागचा भार मात्र अजून पाट्यांवरच आहे.

आता गंमत बघा. गाडी उंच केली की ती दगडाला घासणार नाही, असं सगळ्यांना वाटतं. पण अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली लोंबतं ते डिफरेन्शियल, आणि ते अ‍ॅक्सलवरच असतं. पाटे वाढवा नाहीतर शॅकल लांब करा, वर जाते ती चेसी आणि बॉडी. अ‍ॅक्सल आहे तिथंच! तो वर न्यायचा तर चाकाची त्रिज्याच वाढली पाहिजे. म्हणून पहिला विचार टायरचा.

२१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. हिशोब केला तर व्यास ७०३ मिमीच्या आसपास येतो. २३५/७५ आर १५ चा येतो ७३३. फरक ३० मिमी, म्हणजे डिफरेन्शियल १५ मिमी वर. एवढंच? हो, एवढंच. पण त्याची किंमतही बेताची असते. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२-६३ नं पळत असेल आणि चढाला ओढ ४ टक्के कमी होईल. हौसेनं ३१ इंची टायर टाकलं की ओढ १०-११ टक्के कमी होते, क्लच लवकर जळतो, पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतं आणि ब्रेकला जड चाक थांबवावं लागतं.

नक्षीचंही तसंच. खोल आणि रुंद खाचांचं मड टायर चिखल झटकून टाकतं, पण ओल्या डांबरावर त्याचं कमी रबर टेकतं. पावसात कुंभार्ली घाट उतरताना ते नको वाटतं. रोज डांबर आणि शेवटचे दोन किलोमीटर चिखल असेल तर ऑल टेरेनच बरं, असं माझं मत.

फुकटातला उपाय मात्र कोणी करत नाही. चिखलात हवा कमी करा! एका चाकावर ४५० किलो भार धरू. टायरची जमिनीवरची सरासरी दाबणी साधारण हवेच्या दाबाएवढी असते. ३० पीएसआयला सुमारे २१० चौ. सेमी रबर टेकतं, १८ ला ३५० च्या वर. पुन्हा डांबरावर येताना हवा भरायचीच, नाहीतर टायर तापून फाटेल. १२ व्होल्टचा पंप गाडीत असू द्यावा.

आता पाट्यांकडे येऊ. वडापवाले पाटा वाढवतात ते बरोबरच आहे, त्यांना माणसं भरायची असतात. समान मापाचे पाच पाटे असतील तर सहाव्यानं कमान २० टक्के कडक होते. जाडीचा तर घनच लागतो. ६ मिमीऐवजी ७ मिमीचा पाटा एकटाच दीडपटीपेक्षा जास्त कडक असतो (एसओएमचा पेपर आठवा!). पण रिकाम्या गाडीला अशी कमान वाकतच नाही. खड्ड्यावर एक चाक अधांतरी राहतं, साधं डिफरेन्शियल तेच चाक गरागरा फिरवतं आणि जमिनीवरचं चाक नुसतं बघत बसतं. वाट खराब असेल तर कमान मऊ हवी, कडक नव्हे. पाटे पसरट झाले असतील तर पुन्हा कमान देऊन घ्या, बुश बदला, मग चांगले शॉकप टाका. कमान कडक करून शॉकप जुनेच ठेवले तर गाडी उडतच राहते.

राहिला प्रश्न गाडी उचलण्याचा. उंची वाढली की जॉइंटच्या क्रॉसचा कोन वाढतो आणि तो लवकर खातो. ड्रॅग लिंक तिरकी झाली की खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. शिवाय दोन चाकांतलं अंतर १४०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर धरला, तर गाडी ४५ अंशांना कलंडेल. गुरुत्वमध्य ६५ मिमी वर गेला की हेच ४२-४३ अंशांवर येतं. हे कागदावर. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि टायर दबतात, त्यामुळे त्याआधीच.

आणि कायदा आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्यामुळं गॅरेजात जाण्याआधी मामांना त्यांच्या मॉडेलसाठी कंपनीनं कोणती टायरं दिली आहेत ते बघायला सांगा. दुसऱ्या व्हेरियंटला थोडं मोठं टायर असेल, तर विचार तिथपर्यंतच करावा.